विनतेचे पहिले अंडे

परोपकाराविषयी आजवर जेवढे लिहिले गेले आहे, त्याच्या शतांशानेही परोपकार केव्हा करू नये याविषयी लिहिले गेलेले नाही. मदत न करणाऱ्याला जग कठोर म्हणते. परंतु भलत्या वेळी मदत करणाऱ्याला काय म्हणावे, यासाठी आमच्या भाषेत अद्याप नीटसा शब्द नाही. ‘लुडबुड्या’ हा शब्द आहे खरा. पण त्यात थट्टाच अधिक, दोष दिल्याचा गंभीरपणा नाही. आमच्या हातून एके वर्षी अशा मदतीपायी एक जीव गेला, आणि पुढच्या वर्षी मदत न केल्यापायी दोन गेले. हे जीव कोंबडीच्या पिल्लांचे होते, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे इतक्या क्षुद्र जिवांसाठी मासिकाची पाने खर्च करणे ज्यांस पसंत नसेल, त्यांस पुढल्या लेखाकडे वळण्याची मोकळीक राहील.

आमचे वडिलार्जित घर दौंड तालुक्यातील वरवंड या गावी आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने यवत आणि केडगावचा चौफुला मागे टाकला की हे गाव लागते. आषाढीच्या वारीला निघालेली तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून पुढच्या रात्री येथे उतरते, हे वारकऱ्यांस निराळे सांगावयास नको. एरवी हा पर्जन्यछायेचा मुलूख. खडकवासल्याचे पाणी कालव्याने येते म्हणून ऊस उभा दिसतो. आणि व्हिक्टोरिया तलावात पाणी असेल त्या वर्षी गावकऱ्यांच्या बोलण्यातही थोडा ओलावा येतो. चैत्र-वैशाखात मात्र हवा अशी कोरडी होते की, दोरीवर टाकलेला ओला पंचा आपण पाठ वळवून पुन्हा पाहीतो वाळलेला असतो. या कोरड्या हवेचा संबंध पुढे येणार आहे.

पुण्यात अनेक वर्षे मुलांस व्याकरण शिकवून निवृत्त झाल्यावर आम्ही या घरी राहावयास आलो, आणि अंगणात पाच-सात गावठी कोंबड्या पाळल्या. त्यांतली एक तांबडी कोंबडी माघ महिन्याच्या अखेरीस खुडूक झाली. शेजारच्या आजींनी पाटीत भुसा पसरून, ११ अंडी मांडून तिला रवणीला बसविले. अंड्यांत एक कोळसा आणि एक गंजका खिळाही ठेवला. आभाळ गडगडले तर अंडी बिघडू नयेत, यासाठी तो उपाय होता. आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत.

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यावयास २१ दिवस लागतात. विसाव्या दिवशी संध्याकाळी पाटीशी कान नेला, तो एका अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू आली; कोंबडीही घशातल्या घशात तिला उत्तर देत होती. एकविसाव्या दिवशी सकाळी त्याच अंड्याच्या रुंद टोकाजवळ नखाएवढी चांदणी उमटली. आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. परंतु दुपार झाली तरी चांदणी तेवढीच. तीन वाजले, पाच वाजले; आतले चिवचिवणेही मंदावले. मधून मधून टरफल किंचित हले आणि पुन्हा स्तब्ध होई. इतक्यात पलीकडच्या दुसऱ्या अंड्यावर चांदणी पडली, आणि रात्रीच्या सुमारास त्यातले पिल्लू चक्क अर्धे बाहेर आले. मागून सुरू झालेले पुढे गेले आणि आमचे मागे राहिले! आता हे गुदमरून मरणार, अशी आमची खात्री झाली. आम्ही कोंबडीच्या पोटाखालून ते अंडे काढून दिव्याशी आणले आणि नखाने टरफलाचा एकेक कपचा सोलू लागलो.

टरफल निघाले, पण त्याखालचा पापुद्रा सुटेना. तो ओढताच त्यावर रक्ताची रेघ उमटली, मग दुसरी, मग थेंब ठिबकू लागले. आता थांबावे की पुरे करावे हे कळेना. आणि ज्याला काय करावे हे कळत नाही, तो माणूस बहुधा हातातले काम पुरे करतो. आम्हीही तेच केले. आमच्या तळहातावर जे आले त्याच्या पोटाबाहेर बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती. मान उचलण्याचा त्याने दोनदा प्रयत्न केला. पहाटेपूर्वीच ते गेले. सकाळपर्यंत उरलेल्या दहांपैकी आठ अंड्यांतून पिल्ले आपली आपण बाहेर आली होती.

आजींना आम्ही ते दाखविले. त्यांनी पिल्लू उलटे करून पोट पाहिले आणि म्हणाल्या, “गुर्जी, ह्याचं आतलं काम व्हायचं होतं. ते काय निजलं नव्हतं. तुमी मधीच हात घातला.”

“पण आजी, सबंध दिवस ते हलत नव्हते.”

“हलत नव्हतं म्हंजी काम करीत नव्हतं व्हय?”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. ते अक्षरशः खरे आहे, हे पुढे ग्रंथ चाळल्यावर कळले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून आतल्या गर्भाची वाढ वर्णिली होती, आणि तेव्हापासून या विषयाचा अभ्यास अखंड चालू आहे. अंड्याच्या टरफलास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. आतल्या पापुद्र्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते, आणि त्या छिद्रांतून येणारा प्राणवायू हे जाळे गर्भास पोचविते. म्हणजे जन्मापूर्वी पिल्लाची फुप्फुसे जणू त्याच्या शरीराबाहेर, टरफलाच्या अस्तरावर असतात. विसाव्या दिवसाच्या आगेमागे ही व्यवस्था अपुरी पडू लागते. मग पिल्लू रुंद टोकाकडे असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि प्रथमच श्वास घेते. आम्ही ऐकली ती चिवचिव या श्वासाची. त्यानंतर चोचीच्या अग्रावर उगवलेल्या एका कठीण टोकाने ते टरफलास आतून धक्के देते. या टोकास अंडदंत म्हणतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो गळून पडतो. संस्कृतात ‘द्विज’ हा शब्द पक्ष्यालाही आहे आणि दातालाही. पक्षी एकदा अंड्याच्या रूपाने आणि एकदा अंड्यातून असा दोनदा जन्मतो. आणि या दुसऱ्या जन्मासाठी त्याला एक दात मिळतो व काम होताच काढून घेतला जातो, हा योग व्याकरणाच्या जुन्या शिक्षकास तरी नोंदल्यावाचून राहवत नाही.

चांदणी पडल्यावर पिल्लू थांबते. बारा तास, अठरा तास, कधी पुरता एक दिवस. बाहेरून पाहणाऱ्यास हा थकवा वाटतो, मरणाची सुरुवात वाटते. वास्तविक या स्तब्धतेतच सर्वांत मोठे काम चाललेले असते. पापुद्र्यावर पसरलेले रक्त हळूहळू शरीरात परत ओढले जाते. श्वासाचा सगळा भार नव्या फुप्फुसांवर येतो. आणि उरलेला बलक, पिशवीसकट, बेंबीच्या वाटेने पोटात घेतला जातो व बेंबी मिटते. ही पोटातली शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दाण्यापाण्यावाचून दूरच्या गावी पाठविता येतात, ती हिच्याच बळावर. हे सर्व आटोपले म्हणजे पिल्लू अंड्यात गोल फिरत टरफल कातीत जाते आणि शेवटी टोपीसारखे झाकण ढकलून बाहेर येते. आम्ही पापुद्रा ओढला तेव्हा त्यावरचे रक्त हे पिल्लाच्या शरीरातलेच रक्त होते. अजून घरी न परतलेले, इतकेच.

आम्हांस नवल वाटते ते याचे की, हे सगळे आमच्या लोकांस अगदीच अज्ञात नव्हते. महाभारताच्या आदिपर्वातली कद्रू-विनतेची कथा लहानपणापासून आमच्या कानांवर आहे. कश्यपाने दोघी भार्यांस वर दिला. कद्रूने सहस्र नाग मागितले, विनतेने त्यांहून बलवान असे दोनच पुत्र मागितले. पाचशे वर्षांनी कद्रूची सर्व अंडी फुटली. विनतेची दोन अंडी तशीच राहिली. तेव्हा तिने त्यांतले एक फोडले. आत अरुण होता. कमरेच्या वर पूर्ण, खाली अपूर्ण. त्याने मातेस शाप दिला: जिच्याशी स्पर्धा करून तू हे केलेस, तिचीच तू पाचशे वर्षे दासी होशील, आणि दुसरे अंडे तरी असे फोडू नकोस, म्हणजे त्यातला पुत्र तुला सोडवील. अरुण सूर्याचा सारथी झाला, आणि ‘अनूरु’, म्हणजे मांड्या नसलेला, हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे योग्य वेळी गरुड जन्मला. आणि तो मातेच्या साहाय्यावाचून अंडे फोडून बाहेर आला, असे ग्रंथकाराने मुद्दाम सांगितले आहे.

ही कथा आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! ‘उतावळेपणा करू नये’ एवढे तात्पर्य फळ्यावर लिहून पुढल्या पाठाकडे वळलो. पण त्या मेलेल्या पिल्लानंतर कथा पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. विनतेने अंडे पुत्राच्या काळजीने फोडले नाही. पाचशे वर्षे ती निमूट बसली होती. आणखीही बसली असती. तिचा धीर सुटला तो सवतीची मुले खेळताना पाहून. तिला लाज वाटली. अरुणानेही तिला उतावळी म्हणून शाप दिलेला नाही, स्पर्धेबद्दल दिलेला आहे. आणि आम्ही? पलीकडच्या अंड्यातले पिल्लू अर्धे बाहेर येईपर्यंत आम्हीही हात आवरून बसलो होतो.

इतके लिहिल्यावर आणखी एक कबुली टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोकरीच्या मधल्या काळात आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो अडखळत बोले. पहिले अक्षर त्याच्या ओठांशी येऊन थांबे. मान ताठ होई, डोळे मिटत, आणि मग बऱ्याच वेळाने शब्द सुटे. शब्द सुटला म्हणजे तो नेहमी नेमका असे. व्याकरणात वर्गात त्याच्याइतका पक्का कोणी नव्हता. आम्हांस त्याची दया येई. दया म्हणूनच, तो अडला की आम्ही त्याचा शब्द पुरा करीत असू. “क… क…” म्हणताच “कर्मधारय, बरोबर! बस खाली.” मुलगा खाली बसे. आपण त्याची लाज राखली, असे आम्हांस वाटे.

एके वर्षी स्नेहसंमेलनात प्रत्येक तुकडीच्या एका मुलाने पाठांतर म्हणून दाखवावयाचे होते. या मुलाने आपण होऊन नाव दिले. सगळे वर्ग दाटीवाटीने बसले होते. शेजारच्या तुकडीचा मुलगा पाण्याच्या धारेसारखे म्हणून गेला, टाळ्या झाल्या. मग आमचा मुलगा उभा राहिला. पहिल्याच शब्दाला त्याची मान ताठ झाली. किती वेळ गेला असेल? आज वाटते, दहा-पंधरा क्षण. पण शेजारच्या तुकडीचे शिक्षक आमच्याकडे पाहत होते. आम्ही पडद्याआडून पुढे झालो, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती ओळ स्वतः मोठ्याने म्हटली; दुसरीही म्हटली; आणि हसत त्याला बाजूस नेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. “किती सांभाळून घेतलेत!” असे अनेकांनी आम्हांस म्हटले. त्यानंतर शाळा सोडीपर्यंत त्या मुलाने वर्गात एकदाही हात वर केला नाही. आम्ही त्याला प्रश्न विचारणेही थांबविले, आणि त्यालाही दयाच म्हणत राहिलो. टरफल सोलताना रक्त दिसले, म्हणून आम्हांस आमची चूक कळली. त्या दिवशी रंगमंचावर रक्त दिसले नाही, एवढाच काय तो फरक.

येथे लेख संपवावा, आणि ‘कोणी कोणास मदत करू नये, निसर्ग आपले काम जाणतो’ असे बोधवचन खाली लिहावे, असा मोह कोणासही होईल. आम्हांसही झाला होता. त्या मोहाची हकीगत आता सांगतो.

पुढच्या वर्षी कोंबडी वेळेवर खुडूक होईना, म्हणून आम्ही पुण्याहून अंडी उबविण्याची एक पेटी आणली. थर्मोकोलची पेटी, आत दिवा, उष्णता सुमारे साडेसदतीस अंशांवर राखणारे यंत्र, लहानसा पंखा आणि पाण्याची वाटी, असा सगळा सरंजाम. वैशाख चालू होता. पहिले १८ दिवस हवेतला ओलावा पन्नास-पंचावन्न टक्के असावा आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तरपर्यंत वाढवावा, असे आम्ही वाचले होते. पण वाचणे निराळे आणि वरवंडचा वैशाख निराळा. त्यातून अठराव्या दिवशी चार तास वीज गेली. ती आल्यावर आत काय झाले असेल या चिंतेने आम्ही दर तासाला झाकण उघडून पाहू लागलो. आणि उघडलेल्या झाकणातून प्रत्येक वेळी होता तो ओलावाही निघून जाऊ लागला. एकविसाव्या दिवशी तीन अंड्यांवर चांदण्या पडल्या. बाविसावा उजाडला. चांदणीच्या कडेला दिसणारा पापुद्रा पांढरा न राहता पिवळट, कागदासारखा झाला होता. आतून चिवचिव येत होती, मग ती बारीक होत गेली.

आम्ही हात मागे बांधून बसलो. घरच्या मंडळींनी विचारले, तेव्हा आम्ही त्यांस गेल्या वर्षीचे पिल्लू, विनता आणि अरुण हे सर्व ऐकविले. आमच्या बोलण्यात शहाणपणाचा काय थाट होता! दुपारपर्यंत दोन अंडी गप्प झाली. तेव्हा आजी आल्या. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

“ह्ये चिकाटलंय की आत. आता का बसलाय हात बांधून?”

“आजी, तुम्हीच म्हणाला होता, मध्ये हात घालू नये.”

“तवा काम व्हायचं होतं. आता काम झालंय, अन् वाट बंद हाय. दोन्ही एकच का?”

त्यांनी कोमट पाणी मागितले. कापसाचा बोळा त्यात बुडवून, पिळून, चांदणीच्या कडेने फिरविला. चोचीत पाणी जाऊ नये म्हणून अंडे कलते धरले होते. पापुद्रा भिजून आरपार दिसू लागला, तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून निरखिला. “लाल दोरा न्हाई,” म्हणाल्या. नखाने एक कपचा काढला आणि थांबल्या. अंडे ओल्या फडक्यात गुंडाळून ऊबेत ठेवले, चहा घेतला, पुन्हा पाहिले. आणखी एक कपचा. पुन्हा थांबल्या. असे दोन-अडीच तास चालले. चोच आणि डोके मोकळे झाल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. पाय पिल्लाला स्वतः काढू दिले. ते जगले. उरलेल्या दोन अंड्यांस उशीर झाला होता.

त्या रात्री आम्ही ज्याचा विचार केला ते असे. अंडी कोरड्या पेटीत कोणी ठेवली? झाकण दर तासाला कोणी उघडले? निसर्गाने नव्हे. निसर्गाने एक तांबडी कोंबडी नेमली होती. तिच्या पोटाखाली ऊब असते आणि दमटपणाही असतो, आणि आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी ती दर तासाला उठत नाही. तिची जागा आम्ही घेतली. आणि आमच्याच करणीने वाट बंद झाल्यावर ‘निसर्गावर सोडून द्यावे’ म्हणून बाजूस सरलो. मनुष्य ‘ज्याचे त्याने पाहावे’ असे दुसऱ्याच्या संकटाविषयी म्हणतो, तेव्हा त्या संकटात आपला हात किती, याचा हिशेब त्याने आधी केलेला असावा. गरिबाने आपल्या पायांवर उभे राहावे असे सांगणाऱ्या पुष्कळांनी त्याच्या पायांखालची जमीन आधी काढून घेतलेली असते. आमचे पाप त्या मानाने लहान. पण जात तीच.

मोठमोठ्या अंडी-उबवणी केंद्रांत हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे हजारो अंडी एका वेळी यंत्रात असतात. ठरल्या तासाला तबके बाहेर काढतात. जे बाहेर आले ते पिल्लू, जे आले नाही ते टाकाऊ. तेथे एकेका अंड्याशी अडीच तास बसणे हिशेबाला परवडणारे नाही. शिवाय, स्वतःहून बाहेर न येऊ शकणाऱ्या पिल्लाच्या अंगीच काही उणे असण्याचा संभव असतो, आणि असे दुबळे पिल्लू वाचवून पुढे त्याचेच हाल होतात, असेही जाणते सांगतात. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु ज्याने घरी एक पक्षी पाळला त्याने तो हिशेबासाठी पाळलेला नसतो. त्याच्यापुढे अंडी नसतात. एक अंडे असते.

असे एक अंडे गेल्या वर्षी आमच्यापुढे आले. आजींच्या सातवीतल्या नातीने बजरीगर पक्ष्यांची जोडी पाळली आहे. आपल्याकडे बाजारात त्यांस सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः लव्हबर्ड हा आफ्रिकेतला निराळा पक्षी, आणि हे चिमुकले पोपट मूळचे ऑस्ट्रेलियातले. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्ज्य आहे, म्हणून मुलांची हौस आता या परदेशी पाहुण्यांवर भागते. पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात मादीने पाच अंडी घातली होती. ही मादी एक दिवसाआड अंडे घालते, आणि प्रत्येक अंडे सुमारे १८ दिवसांनी फुटते. त्यामुळे पिल्लेही एक दिवसाआड निघतात. दोन निघाली होती. तिसऱ्यावर चांदणी पडून सबंध दिवस लोटला होता.

मुलगी ते अंडे ओंजळीत घेऊन धावत आली. ते जेमतेम हरभऱ्याच्या घाट्याएवढे होते. “आजोबा, हे अडकलंय. फोडू का? पहिली दोन केव्हाच निघाली!”

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्हांस विनता आठवली. आम्ही तिच्या मोबाइलचा दिवा अंड्यामागे धरला. कडेच्या पापुद्र्यात केसांसारखे तांबडे धागे स्पष्ट दिसत होते. “हे बघ,” आम्ही तिला म्हटले, “हे त्याचे रक्त. ते अजून आत जात आहे. हे धागे दिसेनासे होईपर्यंत हात लावावयाचा नाही. याच्या जातीत एक-दोन दिवसही लागतात.”

“आणि तोवर ते मेलं तर?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खोटे उत्तर आम्ही दिले नाही. “मरेलही,” आम्ही म्हटले. “पण आता फोडलेस तर नक्की मरेल.” अंडे मादीखाली परत ठेविले. ती रात्र त्या मुलीने आणि आम्ही कशी काढली ते सांगत नाही. वाट पाहणे हेही एक काम आहे, आणि ते अंगमोडीचे आहे, एवढेच सांगतो. सकाळी धागे नाहीसे झाले होते. चिवचिव चालू होती, परंतु चांदणीभोवतीचा पापुद्रा वाळू लागला होता. मुलीने ओल्या बोळ्याने तो भिजविला आणि आमच्या देखरेखीखाली सुईच्या बोथट टोकाने टरफलाचा तिळाएवढा एक कपचा काढला. एकच. मग अंडे मडक्यात ठेवून आम्ही दूर झालो. उरलेले टरफल मादीने आपल्या चोचीने हळूहळू टोकरून काढले. पिल्लू जगले. चौथ्या अंड्यातले पिल्लू मात्र, कोणी हात न लावता, आतच मेले. आणि पाचवे वांझ निघाले. मुलीने ती दोन्ही तुळशीपाशी पुरली. नियम कळला म्हणजे सगळे वाचतात, असे तिला वाटू लागले होते. तसे नसते हेही तिला त्याच आठवड्यात कळले.

यंदाच्या आषाढवारीत पालखी वरवंडास उतरली, त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर नेहमीप्रमाणे एका दिंडीची माणसे टेकली होती. पाऊस भुरभुरत होता. चहा देता देता एक चाळिशीचा गृहस्थ आमच्याकडे टक लावून पाहू लागला. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, ओळख पटेना. तो पेला खाली ठेवून उठला, समोर आला आणि बोलावयास लागला. पहिले अक्षर ओठांशी येऊन थांबले. मान ताठ झाली, डोळे मिटले.

तेव्हा आम्ही त्याला ओळखले. त्याला काय म्हणावयाचे आहे तेही आम्हांस कळले. शब्द आमच्या जिभेवर आला. ओसरीवरची माणसे बोलायची थांबली, आणि त्यांतल्या एकाने आमच्याकडे पाहिले. आम्ही दात घट्ट आवळले. पागोळ्यांचे पाणी एकसारखे अंगणात पडत होते. ते किती वेळ पडत राहिले हे आम्ही मोजले नाही.

“ग… गुरुजी,” तो म्हणाला, “मी… मी ओळख देतो. तुम्ही सांगू नका.”

त्याने आपले नाव सांगितले. पूर्ण सांगितले, स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. आम्ही ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतले.